दादा त्या टेबलावर बसला न्हाई

दादाला जाऊन येत्या रविवारी वरीस हुतंय. सीमा, दादाची थोरली पोरगी, एक छोटी पुस्तिका छापून घेतीय, भिंगारच्या विहारात वाटायला. परवा तिनं कागद आनून दिला. सगळं नीट लिवलंय पोरीनं, दादाचा जन्म, दुकान, कोनाकोनाचे कोट शिवले ते. शेवटाला एक ओळ लिवलीय, 'बोटीवर साहेब लोकांच्या पंगतीला सुटाबुटात बसून जेवले.' मला म्हनली, "काका, एवढी ओळ तपासून द्या. तुमी हुते ना तिथं."

मी हुतो तिथं. ती ओळ खोटी हाय. सीमाची चूक न्हाई, तिला जे सांगितलं ते तिनं लिवलं. खरं काय झालं ते दोघांनाच ठावं हुतं, त्यातला दादा गेला. आता मी एकटा उरलो.

दादाचं नाव रंभाजी. माझ्यापेक्षा तेरा वर्सांनी मोठा. आमचा बाप भिंगारला छावनीत हापिसरांच्या मेसमधी मसालची हुता, म्हंजे भांडी घासायचा. आई मी चार वर्साचा असतानी गेली. दादानं त्याच्या आदीच सातवीतनं शाळा सोडली हुती आन बाजारात एका मास्तरच्या दुकानात काज करायला बसला. काज म्हंजे गुंडीचं भोक. दोन वर्सं त्यानं नुसती भोकंच शिवली. मला म्हनायचा, "म्हेंद्रा, ज्याला काज जमलं त्याला कोट जमला. बाकी समदं कापडच असतंय."

मंग सोताचं दुकान टाकलं. एक मशीन, एक टेबल, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, सुटातला. कुठल्या साहेबाचा कोट बेतायचा असला की दादा आदी त्या फोटोकडं बगायचा. म्हनायचा, कॉलर अशी बसली पायजे, मानंला कुठं फट दिसाय नको. गिऱ्हाइकाला वाटायचं हा पाया पडतोय. तो कॉलर बगत हुता.

शेजारी राधाकृष्णाचं इस्तरीचं दुकान. दोघांचं दिसभर बोलनं चालायचं, मधी नुसतं पत्र्याचं पार्टिशन. दादानं कोट शिवायचा आन राधाकृष्णानं इस्तरी मारायची, आन दोघांनी एकमेकाच्या कामाला नावं ठेवायची.

मेसमधी म्हैन्यातनं एकदा-दोनदा डिनर नाइट असायची. त्या दिशी समदे हापिसर काळं जाकीट, कमरंला काळा पट्टा, गळ्याला बो असं घालून जेवायला बसायचे. रंगीत कपड्यात कोन आला तर दारातनंच माघारी. आन त्या दिशी दादाला मागच्या दाराशी उभं राहायला लागायचं, सुईदोरा घिऊन. कुना साहेबाची गुंडी तुटली, कुनाचं पोट सुटलंय आन जाकीट बसंना, तर तितल्या तितं टाका घालायचा. तसा रिवाजच हुता. सैपाकघराचं दार उघडमीट व्हायचं तवा आतलं टेबल दिसायचं दादाला. पांढरं कापड, मेनबत्त्या, चांदीच्या चमच्यांच्या वळी. घरी यिऊन सांगायचा, "आज सतरा जन बसले हुते. सतरापैकी बारा कोट माझे." बाप म्हनायचा, "आन सतरा ताटं माझी." दोघं हसायचे.

एकदा दादा हसला न्हाई. म्हनला, "एकदा त्या टेबलावर बसून बगायचंय. माझाच कोट घालून." बाप म्हनला, "वर तोंड करून चालू नको."  पन मला तो शब्द ध्यानात राह्यला.

मी धावी नापास. रिकामा फिरायचो. दादानं बसवून मला बो बांधायला शिकवला. आदी मांडीवर बांधायचा, मंग गळ्यावर. मी म्हनलो, "दादा, हे शिकून मी काय करू?" तो म्हनला, "आदी शिक. मंग इचार." एक्क्यानवला मुंबईला बोटीच्या कंपनीत वेटरच्या जागा निघाल्या. इंटरव्ह्यूला साठ-सत्तर पोरं. समद्यांचे बो इलास्टिकचे, गळ्यात अडकवायचे. इंटरव्ह्यू घेनारा साहेब माझ्याजवळ आला, माझा बो वडला, तो सुटून हातात आला. तो म्हनला, परत बांध. मी आरसा नसतानी बांधला. त्यानं माझं इंग्रजी इचारलंच न्हाई. ती नोकरी दादाच्या हातानं लागली, हे मी अजून कुनाला सांगितलं नव्हतं.

बोट लई मोठी. मजल्यावर मजले, आत दुकानं, पोहायचा हौद. सिंगापूरवरनं सुटायची. एका फेरीत दोन फॉर्मल नाइट असायच्या. एक्क्यानव-ब्यान्नवला बापई मानसं काळ्या जाकिटात, बाया पायघोळ झग्यात यायच्या. जाकीट नसलं तर हेडवेटर दारात हात आडवा करायचा. मोठमोठ्या लोकांना त्यानं माघारी धाडलेलं मी बगितलंय. मी दादाला पत्र लिवलं, "दादा, हितं डिट्टो आपल्या मेससारखं हाय." दादाचं उत्तर सीमाच्या अक्षरात आलं. त्यात त्यानं दहा सवाल इचारले हुते. कॉलरला साटन लावत्यात का? जाकिटाला एक गुंडी का दोन? बूट कसले?

मी बी फुगवून फुगवून लिवायला लागलो. आन बोटीवर घरचं फुगवून सांगायला लागलो. तिथं समदेच फुगवायचे. कुनाचा बाप जमीनदार, कुनाचा मामा मंत्री. हेडवेटरनं एकदा इचारलं, तुझा भाऊ काय करतो? मी म्हनलो, आर्मीत हाय. तो म्हनला, कोन हाय आर्मीत? मी म्हनलो, मेजर. तोंडातनं निघून गेलं. मंग ते तसंच राह्यलं. 'तुझ्या मेजर भावाची खुशाली काय' असं तो अधनंमधनं इचारायचा.

पुढं पुढं बोटीवरचं बदलत गेलं. पंच्यान्नवच्या सुमाराला लोक कटकट करायला लागले. आमी सुट्टीवर आलोय, आमाला शाळंसारखं ड्रेस घाला म्हनू नका, असं लिवून द्यायचे. मंग कंपनीचा कागद आला, फॉर्मल नाइटला जाकीट ज्याच्या त्याच्या मर्जीवर. हेडवेटरनं वाचून दाखवला तवा त्याचं तोंड बगन्यासारखं झालं हुतं. पयल्यांदा टाय गेला, मंग कोट गेला. सत्त्यान्नवपर्यंत निम्मे लोक फुलाफुलाच्या शर्टात, कोन तर हाफ पँटीत यायचे. फॉर्मल नाइटला नेमानं काळं जाकीट आन बो घालनारे उरले आमीच, वेटर.

हे मी दादाला कदी लिवलं न्हाई. काय लिवायचं? तुला ज्याची एवढी हौस ते आता वेटरच घालत्यात, असं? मी जुन्याच गोष्टी लिवत राह्यलो.

कंपनीचा नेम हुता, तीन काँट्रॅक पुरी केली की घरच्या एका मानसाला चार दिवस बोटीवर आनायचं, पाशिंजरसंगं जेवायची परवानगी. माझं लगीन झालं नव्हतं. मी दादाला बोलवलं. सत्त्यान्नवचा जानेवारी.

वैनी मागनं सांगत हुत्या, चार म्हैने दादा तो कोट शिवत हुता. दिसा गिऱ्हाइकाचं काम, मधल्या वक्ताला सोताचं. नगरच्या कापड बाजारातनं तीनदा कापड आनलं, दोनदा माघारी दिलं. आतलं बक्रम, अस्तर, समदं हातानं. कॉलरचं साटन एकदा लावलं, नजरंला न्हाई पटलं, उसवलं, परत लावलं. राधाकृष्ण पत्र्याच्या पल्याडनं वरडायचा, "रंभाजी, बोट बुडली तर कोट घालून पोहता येतं का रे?" दादा म्हनायचा, "भिजला तर तुझ्याकडंच यील इस्तरीला. तू काळजी करू नको." निघायच्या दिशी इस्तरी राधाकृष्णानं केली, पैसं घेतलं न्हाई.

दादा सिंगापूरला उतरला तवा त्याच्या हातात ब्याग हुती आन कोट वेगळा, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, छातीशी धरलेला. इमानात बी त्यानं तो मांडीवर ठिवला हुता. मला बगून म्हनला, "वाळलास." मी म्हनलो, "तू जाड झालास." तो म्हनला, "मंग बरंय, कोट भरून दिसंल."

तवाच सांगायचं हुतं. तोंडापत्तर आलं हुतं. दादा, आता लोक घालत न्हाईत. साधा शर्ट घालून ये. पन त्यानं पांढरं कापड सोडून कोट दाखवला आन मी गप बसलो. लई देखना कोट हुता.

पयलं दोन दिवस दादाला बोट लागली. माझ्या केबिनीत पडून राह्यला. नुसतं पानी आन बिस्किट. त्यामुळं त्याला कोनी बगितला न्हाई. हेडवेटर इचारत हुता, मेजरसाहेब कुठं? मी म्हनायचो, तब्येत बरी न्हाई.

तिसऱ्या दिशी सांजच्याला फॉर्मल नाइट. दादा बरा झाला हुता. अंघोळ केली, दाढी केली. मी ड्यूटीवर निघालो तवा त्याला सांगितलं, साडेसातला वर ये, खांबाजवळचं दोघांचं टेबल, तिथं तुझी खुर्ची हाय. वाढायला मीच हाय. तो आरशाम्होरं बो बांधत हुता. म्हनला, "खुर्ची तूच वडून द्यायची. मेसमधी तसं असतंय." मी म्हनलो, "देतो की."

साडेसातला दादा दारात आला. मी समोरनं बगत हुतो. केस चापून बसवलेले, बूट चकचकीत. त्या हॉलमधी तेवढा बसलेला खांदा दुसऱ्या कुनाच्या कोटाचा नव्हता. दादानं आत बगितलं. फुलाचे शर्ट, हाफ पँटी, एक गडी तर पट्ट्याच्या चपला घालून बसलेला. आन त्यांच्यामधी काळं जाकीट घालून ताटं घिऊन पळनारे आमी. दादाच्या ते ध्यानात आलं. त्याची चाल हळू झाली. त्यानं माझ्याकडं बगितलं.

दारालगतच्या टेबलावर एक म्हातारी बाई बसली हुती. तिनं दादाकडं हात वर केला, "वॉटर, प्लीज." मेसच्या दारात उभं राहून वॉटर, ब्रेड, थँक्यू एवढं दादाला कळायचं. त्यानं परत माझ्याकडं बगितलं. मी दोन ढांगांत तिथं जाऊ शकलो असतो. म्हनू शकलो असतो, बाई, हे पाव्हने हायत. मी हातातल्या ताटाकडं बगितलं. ताटात काईच नव्हतं.

दादानं जरा वाट बगितली. मंग बाजूच्या टेबलावरचा पान्याचा जग उचलला आन बाईच्या गिलासात पानी वतलं. उजव्या अंगानं, बापानं सांगितलेलं तसं. एक थेंब सांडला न्हाई. पल्याडच्या टेबलावाल्यानं बी गिलास म्होरं केला. दादानं त्याला बी वतलं.

हेडवेटर माझ्याजवळ आला. "हा कोन? माझ्या वेटरांच्या यादीत न्हाई."

मी म्हनलो, "खाली लाँड्रीत टेलर हाय, सर. नवा हाय. चुकून वर आला."

"आन तुझे मेजर कुठं?"

"मेजर झोपलेत, सर. बोट लागलीय."

दादा चार हातांवर हुता. आमी इंग्रजीत बोलत हुतो. पन लाँड्री, टेलर, मेजर हे तीन शब्द भिंगारच्या कुनाला बी कळत्यात.

हेडवेटर त्याच्याजवळ गेला आन बोटानं सैपाकघराचं दार दावलं. वेटर लोक ये-जा करत्यात ते दार. दादा म्हनला, "येस सर." त्यानं जगाचं बूड रुमालानं पुसलं, जागंवर ठिवला आन त्या दारानं गेला. माझ्याजवळनं गेला. माझ्याकडं बगितलं न्हाई. मला अडचन व्हायला नको म्हनून बगितलं न्हाई, हे मला आता कळतंय. तवा मला बरं वाटलं. खरं सांगतो, तवा मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या दिशी मी माझ्या केबिनीत गेलोच न्हाई. एका गोव्याच्या पोराच्या केबिनीत जाऊन पडलो. सकाळी गेलो तर दादा अंथरुन घडी करून बसलेला. साधा शर्ट घातलेला.

"जेवलास का रात्री?" त्यानंच मला इचारलं.

"तू काय खाल्लंस?"

"खाली तुमच्या पोरांच्यात बसलो. भात आन मासळी. भात बरा हुता." म्हनला, "बाई म्हातारी हुती रे. तान लागली हुती तिला." मंग परत म्हनला, "तुमचे जाकीट कोन शिवतं? समद्यांचे खांदे पडल्यात."

मी हसलो.  तवा तो खाली मान घालून म्हनला, "मेजर कोन यायचे हुते रे?"

मी म्हनलो, "हुते एक पाशिंजर."

"हां," म्हनला. "मला वाटलं, आपल्या छावनीतले कुनी."

एवढंच. मी दुसऱ्यांदा खोटं बोललो आन त्यानं ते बी घेतलं.

एप्रिलमधी मी सुट्टीवर भिंगारला आलो. दुकानात बसलो हुतो. राधाकृष्ण पत्र्यामागनं म्हनला, "रंभाजी, भाऊ आलाय, आता खरं काय ते कळंल. सांग, काय जेवलास साहेबांच्यात?"

दादा मशीन चालवत म्हनला, "सूप."

"आनि?"

"आनि सूपच. एका सुपानंतर दुसरं सूप. साहेबांना दात नसत्यात."

राधाकृष्ण लई हसला. दादानं पाय थांबवला आन त्याला सांगितलं, "म्हेंद्रानं खुर्ची वडून दिली मला. समद्यांम्होरं."

मी तिथंच बसलो हुतो.  त्यानं मला वाचवलं आन मी वाचवून घेतलं.

कोट त्यानं परत घातला न्हाई. जयंतीला वैनी म्हनल्या, घाला की, तर म्हनला, "लोक म्हनतील ब्यांडवाला आला." मी त्यानंतर एका काँट्रॅकवर गेलो. अठ्ठ्यान्नवच्या नोव्हेंबरात दुकानात काज करता करता दादाच्या छातीत कळ आली आन तिथंच गेला. मी पाचव्या दिशी पोचलो. पुन्यानुमोदनाला राधाकृष्ण बोलायला उभा राह्यला. रडत रडत म्हनला, आमच्या दोस्तानं छावनीच्या मागच्या दारात उभं राहून जिंदगी काढली, पन शेवटाला बोटीवर साहेबांच्या बरोबरीनं जेवला, त्याच्या भावानं त्याचा मान केला. समद्या विहारानं माझ्याकडं बगितलं. मी हात जोडले. मान हलवली.

त्याला वरीस झालं. बोटीची नोकरी मी सोडली. आता सुप्याला एका कारखान्याच्या कँटिनला हाय.

सीमाचा कागद घिऊन मी काल सकाळी वैनींकडं गेलो. चांगुनाबाई वैनी मेथी निवडत हुत्या. मी समदं सांगितलं. जग, मेजर, सैपाकघराचं दार. मला वाटलं त्या रडतील, न्हाई तर शिव्या देतील. त्यांनी मेथी बाजूला सारली.

"म्हंजे ते टेबलावर बसलेच न्हाईत?"

"न्हाई, वैनी."

"मंग भाऊजी, मला ते दोन वर्सं काय सांगत हुते? शेजारी कोन गोरा बसला, त्यानं काय इचारलं, बाईनं आंगठी कुठल्या बोटात घातली हुती. एवढं समदं त्यांनी मनानं रचलं?"

मी मान हलवली.

"तुमच्यासाठी रचलं," वैनी म्हनल्या. "तुमचं नाव खाली पडू नये म्हनून. आन तुमी त्यांना खालच्या दारानं काढलं."

मी म्हनलो, "मी ती ओळ खोडतो. खरं लिवतो."

"लिवा. पन लिवून सुटू नका. पुस्तिका कोन वाचतंय, लोक घडी करून खिशात घालत्यात. रविवारी उभं राहून सांगा. वरीसभरामागं समद्यांम्होरं मान हलवली ना, आता तोंड हलवा."

ओळ खोडलीय. तिथं लिवलंय, 'बोटीवर त्यांना पानी वाढायला लागलं. त्यांचा सख्खा भाऊ समोर हुता. त्यानं वळख दिली न्हाई.' हा कागद मी सीमाच्या हातात दिला. तिनं उभ्यानं वाचला, वरनं खाली परत वाचला, आन छापखान्याच्या पिशवीत घातला. कालपासनं ती माझ्याशी बोललेली न्हाई. जेवायला बसा म्हनायला पन तिनं धाकट्या भावाला धाडलं.

रविवारी सकाळी धा वाजता हाय. राधाकृष्ण म्होरंच बसंल. त्याच्याकडं बगून मला सांगायचंय, की ज्याला मी लाँड्रीतला टेलर म्हनलो तो माझा भाऊ हुता.